सिनिगांग मिक्स आणि अर्ध्या तासातली कोळंबी: आंबटपणा चोख, मिठावर नजर हवी

कोळंबीचं सिनिगांग, म्हणजे फिलिपिन्समधलं आंबट कालवण, जमलं की फसलं, हे पहिल्या घोटातच कळतं. आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना झोंबला पाहिजे, त्याच्या मागोमाग कोळंबीच्या डोक्यातला गोडसर अर्क आला पाहिजे आणि मीठ वेगळं जाणवता कामा नये. तयार सिनिगांग मिक्सचं पाकीट यातलं पहिलं काम चोख करतं, दुसरं अजिबात करत नाही आणि तिसरं हमखास बिघडवू शकतं. एवढं ध्यानात ठेवून पाकीट वापरलं तर तीस-पस्तीस मिनिटांत उत्तम सिनिगांग होतं. पाकिटामागच्या सूचना वाचून सगळी पूड एकदम पातेल्यात ओतली तर मात्र खारट, आंबट आणि आतून पोकळ असा रस्सा पदरी पडतो.

सिनिगांग म्हणजे काय, ते आधी. तागालोग या फिलिपिन्समधल्या भाषेतल्या ‘सिगांग’ या शिजवण्याच्या शब्दावरून हे नाव आलं. ‘सिनिगांग ना हिपोन’ म्हणजे कोळंबीचं सिनिगांग. त्यात फोडणी नाही, वाटण नाही, नारळ नाही, हळदही नाही. कांदा, टोमॅटो, आंबट काहीतरी, भाज्या आणि मासे, कोळंबी किंवा मांस हे सगळं एकाच पातेल्यात ठरलेल्या क्रमाने शिजतं. आपल्याकडच्या साराशी त्याचं नातं वाटतं, पण सार पातळ आणि नितळ असतं, सिनिगांगमध्ये भाज्यांची गर्दी असते. शिवाय ते जेवणाआधी प्यायचं सूप नव्हे. भातावर घ्यायचं मुख्य कालवण आहे. म्हणूनच त्याचा आंबटपणा नुसता प्यायला थोडा जास्तच वाटतो. भातावर आलं की तो बरोबर बसतो.

आंबट करायला फिलिपिन्समध्ये एकच एक वस्तू नाही. सर्वांत रूढ ती चिंच, तिकडे तिला सम्पालोक म्हणतात. तीही पिकलेली नाही, हिरवी. त्याशिवाय कामियास, म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातली बिंबलं. पेरू, कैरी, सांतोल नावाचं फळही चालतं. विसाया बेटांकडे बातुआन वापरतात, ते फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. म्हणजे मालवणी किंवा गोंयकार स्वयंपाकघराला यातलं निम्मं सामान ओळखीचंच आहे. फरक एवढाच की ते आंबट फळ आपण वाटणाच्या जोडीला घालतो आणि तिकडे सगळी भिस्त त्यावरच असते.

पाकिटात काय असतं

हिरव्या चिंचा उकळायच्या, साल फुटेपर्यंत मऊ करायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. या खटपटीला पर्याय म्हणून हे मिक्स आलं आणि आज फिलिपिनो घरात ते आपल्याकडच्या तयार मसाल्याइतकं सरसकट आहे. दोन नावं सगळीकडे दिसतात, नॉर आणि मामा सिता. मामा सिता हे नाव तेरेसिता रेयेस यांच्यावरून पडलं. मनिलातल्या १९३६ सालच्या ‘ॲरिस्टोक्रॅट’ या प्रसिद्ध खाणावळीच्या संस्थापक एन्ग्रासिया रेयेस यांच्या त्या कन्या.

पाकीट साधारण ४० ते ५० ग्रॅमचं असतं. काही ठिकाणी त्याच्या निम्म्या वजनाचं छोटंही मिळतं. आत फिकट तपकिरी, बारीक पूड. घटकांच्या यादीत सहसा मीठ, सायट्रिक आम्ल, चिंचेची पूड किंवा अर्क, आणि बऱ्याच पाकिटांत मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे चव वाढवणारं अजिनोमोटो, असतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिलं नाव कोणतं ते जरूर वाचा. मीठ पहिलं असेल तर ते पाकीट आंबट मीठ समजूनच वापरायचं. रक्तदाबामुळे मीठ मोजून खाणाऱ्यांसाठी हे पाकीट सोयीचं नाही. त्यांनी खाली दिलेला हिरव्या चिंचेचा मार्ग धरावा.

आंबटपणाच्या बाबतीत मात्र पाकिटाला नावं ठेवायला जागा नाही. चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिक. त्याची चव गोलसर आणि रेंगाळणारी. सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूफूल, चटकन लागतं आणि चटकन ओसरतं. पाकिटात दोन्ही असल्यामुळे पहिला झटकाही मिळतो आणि मागे चिंचही राहते. शिवाय चिंच झाडागणिक बदलते, पाकीट बदलत नाही. पहिल्यांदा सिनिगांग करणाऱ्याला ‘किती आंबट म्हणजे बरोबर’ हे कळायला याहून सोपा मार्ग नाही.

प्रकार बरेच आहेत. कोळंबीसाठी साधं सम्पालोक घ्या. पेरूच्या चवीचं मिक्स गोडसर असतं. ते माशाला शोभतं, कोळंबी आधीच गोड असल्याने तिच्यासोबत रस्सा बुळबुळीत गोड वाटतो. मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, प्रकार माशांच्या डोक्यांसाठी. गाबी, म्हणजे अळकुडीची पूड घातलेलं मिक्स रस्सा दाट करतं. ज्यांना घरात अळकुड्या सोलायच्या नसतील त्यांनी ते जरूर घ्यावं, पण पातेल्यात खऱ्या अळकुड्या असतील तर तो खर्च अनाठायी आहे. कामियासचं मिक्स मिळालं तर एकदा करून बघण्यासारखं आहे. त्याचा आंबटपणा चिंचेपेक्षा हिरवट आणि कोवळा असतो, आणि बिंबलं घालून कोळंबी खाल्लेल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो.

पाकीट फोडल्यावर पातेल्याकडे जाण्याआधी एक परीक्षा करा. पाव लिटर गरम पाण्यात दोन सपाट छोटे चमचे पूड विरघळवा आणि चाखा. आधी आंबट लागलं की आधी खारट? आधी खारट लागलं तर रश्श्यात मीठ किंवा फिश सॉस (मासे मिठात मुरवून काढलेला खारट अर्क) शेवटपर्यंत घालायचा नाही. आधी आंबट लागलं तर फिश सॉसला जागा आहे. या एका घोटाने पुढची निम्मी गडबड टळते.

भारतात ही पाकिटं आयात मालाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात, पण किंमत विक्रेत्यागणिक बरीच बदलते आणि मुदत संपत आलेला मालही येतो. तारीख बघूनच घ्या. जुनं पाकीट हाताला गठ्ठ्यासारखं लागतं. आखाती देशांत किंवा सिंगापुरात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा त्रास नाही. तिथे फिलिपिनो वस्ती मोठी असल्याने किराणा दुकानात याची वेगळी फळीच असते. जहाजावर काम करणाऱ्यांना तर सिनिगांग नवं नसेलच, भारतीय आणि फिलिपिनो खलाशी एकाच जहाजावर असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

कोळंबी: इथे काटकसर नको

पाकीट जे देऊ शकत नाही ते कोळंबीच्या डोक्यातून आणि सालातून येतं. म्हणून डोक्यासकट, सालासकट ताजी कोळंबी घ्या. चार माणसांना अर्धा किलो पुरते. मध्यम आकार उत्तम, किलोला साधारण ४० ते ५० नग बसतील अशी. फार मोठी टायगर कोळंबी बाहेरून घट्ट होईपर्यंत आत कच्ची राहते, आणि लहान कोळंबी रश्श्यात घालून झाकण ठेवेपर्यंत चिवट होते.

ताजेपणा डोक्यावरून ओळखायचा. डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं. ते लोंबत असेल, डोक्याच्या मुळाशी काळसरपणा पसरला असेल किंवा अमोनियासारखा वास येत असेल तर ती कोळंबी सिनिगांगला घेऊ नका. मसाल्याच्या कालवणात शिळेपणा दडतो, इथे दडवायला मसालाच नाही. डोक्यात पचनाची पाचकद्रव्यं असतात. कोळंबी मेल्यावर थंडाव्याशिवाय राहिली की ती धडाच्या मांसात उतरतात आणि डोक्याजवळचा भाग पिठासारखा भुसभुशीत होतो. म्हणून बाजारातून आणलेली डोक्यासकट कोळंबी लगेच बर्फावर किंवा फ्रिजमध्ये, आणि शिजवायची त्याच दिवशी.

साफ करताना साल काढायची नाही. कात्रीने मिशा, पाय आणि डोक्यावरचा टोकदार काटा कापा. काटा ठेवला तर जेवताना हमखास बोटाला किंवा टाळ्याला लागतो. काळा दोरा काढायला पाठ चिरायची गरज नाही. पाठीवरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कवचाच्या सांध्यात टूथपिक घालून दोरा हलक्या हाताने वर ओढला की अख्खा निघतो. पाठ चिरली की मांस उघडं पडतं, आंबट पाण्यात लवकर आकसतं आणि डोक्यातला अर्कही वाहून जातो.

फक्त सोललेली गोठवलेली कोळंबी मिळत असेल तर चव निम्म्यावर येते, हे आधीच मान्य करा. त्यावर उपाय एकच. कुठल्याही दिवशी सोललेल्या कोळंबीची सालं आणि डोकी फ्रीझरमध्ये साठवून ठेवा. मूठ-दोन मुठी सालं एक छोटा चमचा तेलावर तीन मिनिटं परता, लाल झाली आणि खमंग वास सुटला की पाणी घालून दहा-बारा मिनिटं उकळा, डावाने दाबून गाळा. त्यापेक्षा जास्त उकळू नका, वास उग्र होतो. गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा थर असतो, त्यामुळे पाकिटावरच्या वजनाइतकी कोळंबी हातात येईलच असं नाही. ती फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून किंवा पिशवीसकट थंड पाण्यात बुडवून सुटी करा. गरम पाण्याखाली धरली तर बाहेरून शिजायला लागते आणि आत खडा राहतो.

पातेलं आणि बाकीचं सामान

भांडं स्टीलचं, एनॅमलचं किंवा मातीचं. फिलिपिन्समध्ये जुन्या पद्धतीने ‘पालायोक’ या मडक्यात करतात, आपलं कालवणाचं मडकं तितकंच चांगलं. ॲल्युमिनियमचं पातेलं आणि लोखंडी कढई नको. इतक्या आंबट पाण्यात ॲल्युमिनियम उतरतं आणि लोखंडाने रस्सा काळवंडून त्याला धातूची चव येते. बिनकल्हईचं पितळ तर चिंचेच्या आसपासही नको.

पाण्याऐवजी तांदळाचं धुवण. तिकडे त्याला ‘हुगास बिगास’ म्हणतात. पहिलं धुवण फेकून द्या, त्यात कोंडा आणि धूळ असते. दुसऱ्यांदा चोळून धुतलेलं सव्वा लिटर पाणी ठेवा. त्यातल्या स्टार्चमुळे रश्श्याला किंचित अंग येतं आणि आंबटपणाची धार थोडी बोथट होते. पाकीट वापरताना तर याची जास्तच गरज असते, कारण पुडीचा आंबटपणा नुसत्या पाण्यात टोचतो.

अर्ध्या किलो कोळंबीला एक मध्यम कांदा मोठ्या फोडी करून, दोन पिकलेले टोमॅटो चार फोडी करून, अळकुड्या तीन-चार (साधारण २०० ग्रॅम), एक छोटा पांढरा मुळा तिरप्या चकत्या करून, चवळीच्या लांब शेंगा आठ-दहा बोटभर तुकडे करून, कोवळ्या भेंड्या पाच-सहा फक्त देठ छाटून अख्ख्या, हवं असल्यास एक लांब वांगं, आणि एक जुडी नाळीची भाजी. ही नाळी म्हणजेच फिलिपिनो ‘कांगकोंग’, पाणथळ जागी वाढणारी, पोकळ देठांची. ती न मिळाल्यास पालक चालतो, पण पालक लगेच लोळागोळा होतो, त्याला आच बंद केल्यावरच घाला. मेथी, शेपू, चुका नको. पहिल्या दोघींचा वास रश्श्यावर स्वार होतो आणि चुक्याने आंबटाचा हिशेब चुकतो.

मिरची लांब, पोपटी, कमी तिखट. फिलिपिन्समध्ये या मिरचीचं एक नावच ‘सिलिंग पानसिगांग’, म्हणजे सिनिगांगची मिरची, असं आहे. दोन-तीन अख्ख्या घालायच्या, मोडायच्या नाहीत. तिचा हिरवा वास हवा असतो. आपली बारीक तिखट मिरची घालायची झाली तर एकच आणि तीही अखंड.

क्रम आणि वेळ

धुवणात कांदा, टोमॅटो आणि अळकुड्या घालून उकळी आणा. मध्यम आचेवर दहा ते बारा मिनिटं. अळकुडीत सुरीचं टोक सहज गेलं पाहिजे आणि टोमॅटोची सालं सुटली पाहिजेत. टोमॅटो डावाने पातेल्याच्या कडेला दाबून मोडा. आता मुळा, आणखी चार मिनिटं.

इथवर पूड घालायची नाही. बहुतेकांचं सिनिगांग याच ठिकाणी बिघडतं. आमटीत चिंच आधी घातली की भाजी शिजत नाही, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कारण आंबट पाण्यात भाजीचे कण एकमेकांना धरून ठेवणारं पेक्टिन सहजी सुटत नाही. पाकिटाचा आंबटपणा तर चिंचेच्या कोळापेक्षा तीव्र. आधी पूड घातली तर अळकुडी अर्ध्या तासानेही मधोमध कचकचीत राहते, मुळा रबरासारखा होतो. आणि अर्धीकच्ची अळकुडी म्हणजे घशाला खाज.

कंदमुळं मऊ झाली की पाकिटातली निम्मी पूड, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास, वाटीभर गरम रश्श्यात कालवून मग पातेल्यात सोडा. कोरडी पूड थेट टाकली तर तिचे गोळे तळाशी बसतात आणि एखाद्या घासात खारट खडा लागतो. दोन मिनिटं उकळू द्या, मग चाखा. आता चवळीच्या शेंगा, वांगं आणि मिरच्या, तीन मिनिटं. भेंडी त्यानंतर, दोन मिनिटं. आंबट पाण्यात भेंडीला तार सुटत नाही, पण अख्खीच ठेवा.

दुसऱ्यांदा चाखायची वेळ ही. रस्सा पुरेसा आंबट नसेल आणि मीठही कमी असेल तर आणखी पूड, एकेका छोट्या चमच्याने. आंबट कमी पण मीठ पुरेसं असेल तर पूड थांबवा आणि लिंबाचा रस किंवा चिमूटभर लिंबूफूल वापरा. आंबट बरोबर पण मीठ कमी असेल तर फिश सॉस, एका वेळी एक छोटा चमचा. हे तीन प्रसंग वेगळे ओळखता आले की पाकीट तुमच्या ताब्यात आलं. सव्वा लिटरला बहुधा पाकिटाचा दोन-तृतीयांश भाग पुरतो. पूर्ण पाकीट लागलं तर तेवढ्यासाठी रश्श्याचं प्रमाण दीड लिटरच्या वर न्या, मीठ वेगळं घालू नका.

फिलिपिनो फिश सॉसला ‘पातिस’ म्हणतात. आपल्याकडे थाई फिश सॉस सहज मिळतो, तो चालतो, फक्त काही थाई सॉसमध्ये साखर असते. तो घातल्यावर आच चालूच हवी, एक उकळी आली की त्याचा उग्र वास जातो.

शेवटी कोळंबी. आच मोठी करा, रस्सा खळखळू द्या, सगळी कोळंबी एकदम सोडा आणि बुडेल एवढी दाबा. उकळी पुन्हा यायला लागली की मध्यम कोळंबीला दोन ते तीन मिनिटं. घड्याळापेक्षा आकार बघा. अर्धचंद्रासारखी वळली, सालं लालसर झाली आणि मांस पांढरं अपारदर्शक दिसलं की झाली. पूर्ण गोल कडं झालं म्हणजे उशीर झाला. कोळंबी आच बंद केल्यावरही गरम रश्श्यात शिजत राहते, म्हणून अर्धा मिनिट आधीच थांबलेलं चांगलं. नाळीचे देठ कोळंबीबरोबरच, पानं आच बंद केल्यावर. झाकण ठेवून दीड-दोन मिनिटं. पानं हिरवी राहिली पाहिजेत. आंबट उकळत्या पाण्यात हिरवा रंग पाचेक मिनिटांत शेवाळी होतो, त्याला इलाज नाही, म्हणून ती शेवटी.

बिघडतं ते कुठे

रस्सा खारट झाला तर त्यात बटाटा टाकून फारसं काही होत नाही. धुवण किंवा गरम पाणी वाढवा, आंबटपणा लिंबाने पुन्हा उभा करा, आणि कोळंबी आधीच आत असेल तर ती बाहेर काढून मगच ही दुरुस्ती करा. रस्सा आंबट आहे, खारटही आहे, तरी पाण्यासारखा लागतो, अशी तक्रार असेल तर कोळंबी सोललेली होती किंवा टोमॅटो कच्चा होता. पिकलेल्या टोमॅटोतलं नैसर्गिक ग्लुटामेट इथे मोठं काम करतं, तो फिका, कडक असेल तर एक वाढवा. रश्श्याला कडवट झाक आली तर संशय जुन्या, जाळीदार मुळ्यावर घ्या. कोळंबीचं साल मांसाला चिकटून बसलं आणि निघता निघेना, तर ती जास्त शिजली आहे.

चिकट, ढगाळ रस्सा हा दोष नव्हे. अळकुडी आणि धुवण यांनी तो तसाच व्हायचा असतो. त्यावर लालसर तेलाचे थेंब तरंगत असतील तर ते कोळंबीच्या डोक्यातलं. सिनिगांग नीट झाल्याची ती खूण आहे.

पाकीट हवंच का

दिवाळीच्या सुमाराला हिरव्या चिंचा मिळतात तेव्हा नको. २०० ते २५० ग्रॅम हिरव्या चिंचा दोन कप पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, साल फुटली की त्याच पाण्यात कुस्करा आणि चाळणीतून दाबून काढा. चिंचोके चिरडू नका, तुरटपणा उतरतो. हा कोळ पुडीच्याच जागी, कंदमुळं मऊ झाल्यावर घाला. मीठ आता तुमच्या हातात राहतं, आणि रश्श्याला जो हिरवा, फळासारखा वास येतो तो कुठल्याही पाकिटात नाही. एवढा फरक पडतो म्हणून हिरवी चिंच मिळत असताना पाकीट वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरातली पिकलेली, वर्षभराची चिंच मात्र थेट पर्याय नाही. ती गोडसर असते, रस्सा तपकिरी करते आणि चव आमटीकडे झुकते. तीच वापरायची तर ४० ग्रॅमचा कोळ आणि अर्ध्या-एका लिंबाचा रस असं करा, लिंबू आच बंद केल्यावर. कैरीच्या दिवसांत दोन मध्यम कैऱ्या सोलून, फोडी करून मुळ्यानंतर शिजवा आणि निम्म्या फोडी रश्श्यात मोडा. बिंबलं असतील तर दहा-बारा उभी चिरून. आमसुलं आठ-दहा घातली तर रंग जांभळट होतो आणि चव बदलते, पण तीही फिलिपिन्सच्या बातुआनच्या वाटेनेच जाते, आणि कोळंबीला छान लागते. त्याला सम्पालोकचं सिनिगांग म्हणायचं नाही, इतकंच.

एक मधला मार्गही चांगला निघतो. निम्मं पाकीट आणि एखादी कैरी किंवा मूठभर हिरवी चिंच. पुडीचा झटका आणि फळाचा वास दोन्ही मिळतात, मीठ निम्म्यावर येतं. वर्षाचे सात-आठ महिने हिरवी चिंच नसते, तेव्हा हाच प्रकार सर्वांत भरवशाचा.

ताटात

भात साधा, मोकळा, बिनवासाचा. कोलम उत्तम, कोकणातला उकडा त्याहून थोडा चविष्ट. आंबेमोहोर किंवा बासमतीचा वास सिनिगांगशी भांडतो. बाजूला छोट्या वाटीत फिश सॉस, त्यात ठेचलेली एक तिखट मिरची आणि लिंबाचे चार थेंब. फिलिपिन्समध्ये कालामान्सी नावाचं बारीक लिंबू पिळतात, आपलं कागदी लिंबू त्याच्या पुरेसं जवळ जातं. सोललेली कोळंबी त्यात टेकवून खायची. रस्सा फिक्या मिठाचा ठेवायचा तो याच वाटीसाठी. कवचवाल्या माशांची ॲलर्जी असणाऱ्यांना हे पदार्थ वर्ज्यच, आणि रस्सा वेगळा काढूनही उपयोग नाही.

उरलं तर कोळंबी आणि पानं रश्श्यातून काढून वेगळी ठेवा. रस्सा दुसऱ्या दिवशी उकळून घ्या, धुवणाऐवजी थोडं पाणी वाढवा, आणि कोळंबी फक्त गरम होण्यापुरती शेवटी सोडा. पाहुणे यायचे असतील तर भेंडीपर्यंतचा रस्सा दुपारीच करून ठेवता येतो. कोळंबी आणि पानं ताटं मांडल्यावर.

उरलेली पूड पाकिटात घडी घालून ठेवू नका. मीठ आणि सायट्रिक आम्ल दोन्ही हवेतला ओलावा ओढतात, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चार दिवसांत तिचा दगड होतो. कोरड्या काचेच्या बाटलीत, घट्ट झाकणाखाली आणि शेगडीपासून दूर. चमचा कोरडाच घालायचा. गठ्ठा झालाच आणि वासात काही फरक नसेल तर फेकू नका, गरम रश्श्यात विरघळवून वापरा. फक्त वजनाचा अंदाज आता चमच्याने लागणार नाही, जिभेनेच लावावा लागेल.